खाणीचा सातबारा कुणाच्या नावावर?

बोत्स्वाना 30 सप्टेंबर 1966 रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत त्याची गणना होती. गुरे राखायची, पाऊस हुलकावणी देऊन गेला की ती मरताना पाहायची आणि तरण्या पुरुषांनी दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जायचे, असा बहुतेक घरांचा संसार. पुढच्याच वर्षी ओरापा येथे ‘डी बिअर्स’ या हिरे कंपनीच्या भूवैज्ञानिकांना हिऱ्यांचा मोठा साठा सापडला. तो मुलूख बामांग्वाटो जमातीचा. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातले. जमातीच्या भूमीतले खनिज जमातीचे, अशी तोवरची व्यवस्था होती. खामांच्या सरकारने 1967 मध्येच कायदा करून हे हक्क देशाकडे घेतले. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावरून स्वतःच्याच भाऊबंदांची नावे कमी करून देशाचे नाव चढवले.

‘नैतिक हिरा’ म्हणतात त्याची गोष्ट माझ्या मते या कायद्यापासून सुरू होते. दुकानातल्या प्रमाणपत्राचा क्रमांक फार नंतर लागतो.

ओरापाची खाण 1971 मध्ये सुरू झाली, ज्वानेंगची 1982 मध्ये. खाणीत सुरुवातीला सरकारचा वाटा 15 टक्के होता. घासाघीस करत तो सत्तरच्या दशकातच निम्म्यावर नेला. तेवढ्यावरही बोत्स्वाना थांबला नाही. डी बिअर्सचा कच्चा माल एकत्र करून विकण्याचे काम लंडनमध्ये चाले, ते 2013 मध्ये राजधानी गॅबरोनीला आणायला लावले. मधल्या काळात रस्ते झाले, शाळा झाल्या. एचआयव्हीने देश पोखरला तेव्हा 2002 पासून सरकारने रुग्णांना औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. हिऱ्याचा पैसा तिजोरीत नसता तर हे जमणे अवघड होते.

मात्र या देशाला आदर्श म्हणून मखरात बसवण्याची घाई नको. मध्य कालाहारीच्या अभयारण्यातून सान आदिवासींना 1997 आणि 2002 मध्ये हलवण्यात आले. हिऱ्यांसाठी नव्हे, असे सरकार सांगत राहिले. पण त्याच अभयारण्यात 2014 मध्ये हिऱ्याची खाण उघडली. सान लोकांना हुसकावणे बेकायदा होते, असा निकाल उच्च न्यायालयाने 2006 मध्येच दिला होता.

सिएरा लिओनची कहाणी उलटी आहे, आणि तिचे निम्मे उत्तर भूगर्भात आहे. बोत्स्वानाचे हिरे जमिनीत खोल उतरलेल्या किंबरलाइट खडकाच्या नळांत आहेत. तिथे अवजड यंत्रे लागतात, भोवती कुंपण घालता येते, हिशेब ठेवता येतो. सिएरा लिओनच्या कोनो जिल्ह्यात हिरे नद्यांनी वाहून आणलेल्या वाळू-खड्यांत विखुरलेत. फावडे, चाळणी आणि कमरेएवढे पाणी, की झाली खाण. अशा मुलखाला कुंपण कोण घालणार? 1991 ते 2002 या यादवीत बंडखोरांनी याच वाळूतून बंदुका उभ्या केल्या. त्यांना पाठबळ देणारे लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली. युद्ध संपले, तरी खणणाऱ्याचे दैव फारसे पालटले नाही. कुणी पैसेवाला तांदूळ आणि अवजारे पुरवतो, हिरा सापडला की भाव बहुधा तोच ठरवतो. 2017 मध्ये कोनोत 709 कॅरटचा हिरा एका पाद्र्याच्या खाणीत मिळाला. त्याने तो सरकारच्या हवाली केला, न्यूयॉर्कच्या लिलावात 65 लाख डॉलर आले, आणि एवढ्या सरळपणाची जगभर बातमी झाली.

अशा यादवींतूनच ‘किंबर्ली प्रक्रिया’ ही देशांमधली व्यवस्था जन्मली. जानेवारी 2003 पासून देशाची सीमा ओलांडणाऱ्या कच्च्या हिऱ्याच्या प्रत्येक पार्सलबरोबर सरकारी दाखला लागतो. तिच्या व्याख्येनुसार ‘संघर्षाचा हिरा’ म्हणजे बंडखोरांना सरकारविरुद्ध लढायला पैसा पुरवणारा हिरा. मग सरकारनेच गोळ्या घातल्या तर? झिम्बाब्वेतल्या मारांगे येथे 2008 च्या अखेरीस लष्कराने हिरे खणणाऱ्या गरिबांवर हल्ला केला. ह्यूमन राइट्स वॉचच्या मते 200 हून अधिक माणसे मेली. तरीही 2011 मध्ये तिथल्या निर्यातीला वाट मोकळी झाली. त्याच वर्षी ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था प्रक्रियेतून बाहेर पडली. निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणून एका देशाने मान हलवली नाही की व्याख्या जागची हलत नाही. मजुराला काय मिळाले, नदीचे काय झाले, हे त्या दाखल्यात विचारलेलेच नाही.

यात आपलाही हात आहे. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत, आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. वेगवेगळ्या देशांचा कच्चा माल एकदा एकत्र आला की दाखल्यावर ‘संमिश्र मूळ’ एवढेच उरते. पैलू पाडायच्या घंटीवर, म्हणजे चाकावर, बसलेला रत्नकलाकार बहुधा नगावर मजुरी घेतो. मंदी आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर.

आता प्रयोगशाळेतला हिरा आला. रक्ताचा डाग नाही म्हणून ग्राहक तो आनंदाने घेतो, पण त्या खरेदीचा फटका टेलरसारख्यांना बसत नाही, बसतो तो बोत्स्वानाला. त्याच्या निर्यातीत बहुतांश वाटा हिऱ्यांचाच. मागणी घटल्याने 2024 मध्ये तिथल्या खाणींचे उत्पादन कमी करावे लागले. स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष त्याच वर्षी निवडणूक हरला. ऑगस्ट 2025 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांनी औषधांच्या टंचाईपायी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. अमेरिकी मदत आटणे हेही त्याचे एक कारण होते, पण हिऱ्यांची मंदी मोठे कारण. याच सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये डी बिअर्सशी करार करून कच्च्या मालातला आपला विक्रीचा वाटा 30 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 50 टक्क्यांवर न्यायचे ठरवले आहे. आता खुद्द डी बिअर्सच विक्रीला निघाली आहे, आणि तिच्यात 15 टक्के भागीदार असलेल्या बोत्स्वानाला ती ताब्यात हवी आहे. ज्या मालाचा भाव घसरतो आहे त्यात आणखी पैसा घालायचा का, हा हिशेब गॅबरोनीला या वेळी मात्र रिकाम्या तिजोरीनिशी मांडावा लागणार आहे.