रुग्णालयाचा कचरा म्हणजे माल नव्हे

आम्ही कापडवाले. चिंध्यांचे गठ्ठे आमच्याकडेही येतात. गठ्ठ्यात रक्ताचे डाग पडलेल्या चादरी निघाल्या, तर तो सौदा आम्ही मोडतो. असा माल स्वस्त मिळतो, पण त्यात रोग असू शकतो.

गुजरातमध्ये मोडासा येथे 2009 साली कावीळ 'ब'ची साथ आली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने ती पसरली आणि अनेकांचे जीव गेले.

2016 च्या नियमांनी रुग्णालयातील कचऱ्याचे चार रंग ठरवले आहेत. पिवळ्या पिशवीत रक्त लागलेला कापूस, पट्ट्या, चादरी व गाद्या जातात. हा कचरा बहुधा भट्टीत जाळला जातो. लाल पिशवीत नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज असतात. हे प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करूनच पुढे द्यायचे असते. सुया व ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही.

मग भंगारवाल्या बंधूंनी घ्यावे काय? पुठ्ठ्याची कोरी खोकी, कागद खुशाल घ्यावेत. प्लास्टिक घ्यायचे तर प्रक्रिया केंद्राकडूनच, कागदपत्रे पाहून आणि आपली नोंदणी करून. मागच्या दाराने वॉर्डबॉय पिशवी विकू लागला, तर हात जोडावेत.

चिंध्या निवडणाऱ्या बाईच्या बोटात एक सुई शिरली, तर किलोमागे सुटलेल्या दोन रुपयांनी तिचे नुकसान भरून निघणार नाही.