बंबखान्याचा मनोरा

पुणे-नाशिक रस्त्याने भोंगा वाजवीत चाकणकडे धावणारा लाल बंब तुम्ही पाहिला असेल. आपली नजर त्या गाडीमागे जाते. ती ज्या घरातून निघाली ते घर मात्र कोणी निरखून पाहत नाही. अग्निशमन केंद्र, म्हणजे जुन्या बोलीतला बंबखाना, ही नुसती गाडी ठेवण्याची जागा नव्हे. त्याच्या बांधणीत आगीचे शास्त्र उतरलेले असते.

मुंबईचे अग्निशमन दल १८८७ साली स्वतंत्रपणे उभे राहिले, तेव्हा बंब घोडे ओढीत. घोडे जुंपायला लागणारा वेळही मोलाचा असे. असे का? जळणारे लाकूड शेजारच्या लाकडाला तापवते, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात आणि तेही पेटतात. त्यामुळे सुरुवातीला वेळ दुप्पट झाला, तर आग साधारण चौपट होते. म्हणूनच बंबखान्याचे रुंद दरवाजे सरळ रस्त्यावर उघडतात आणि बंब तोंड रस्त्याकडे करून उभा असतो.

जुन्या बंबखान्यांना बहुधा एक उंच मनोराही असे. तो कशासाठी? पूर्वी पाण्याचे नळ, म्हणजे 'होज', कापडी असत. ओला होज गुंडाळून ठेवला, तर त्याला बुरशी लागून कापड कुजते. होजमधील पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅमपर्यंत असू शकतो. कुजका होज ऐन आगीत फुटणारच! म्हणून १५ मीटर लांबीचे होज मनोऱ्यात टांगत. पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरे आणि हवा सर्व बाजूंनी लागे. आता कृत्रिम धाग्यांचे होज आले आणि मनोऱ्याचे हे काम कमी झाले.

पण मुळात पाणीच का? १ ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०! ही अप्रकट उष्णता पाणी आगीकडूनच घेते. शिवाय वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते आणि हवेला दूर लोटते.

तरीही पाणी प्रत्येक आगीवरचा उतारा नव्हे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे भोसरी आणि चाकणपर्यंत कारखाने पसरले. तेथे तेल असते, विद्रावके असतात, धातूंचा कीस असतो. पेटलेले तेल पाण्यावर तरंगत पसरते. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकले, तर हायड्रोजन निर्माण होऊन भडका उडतो. तेथे कोरडी वाळू हवी.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून अनेक महिला कामगारांचा बळी गेला. फुलबाजीच्या दारूत प्राणवायू पुरवणारे रसायन मिसळलेलेच असते. बाहेरची हवा तोडली तरी ती जळत राहते.

म्हणून बंब निघताना पहिला प्रश्न असतो: जळते आहे काय? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. धोक्याचा लाल बावटा मात्र नव्हता. दाबून बांधलेल्या गासडीच्या पोटात पाणी शिरत नाही, आतला कापूस धुमसत राहतो. जवान पाणी मारीत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. भायखळ्याच्या मुख्य केंद्रात त्यांचे स्मारक आहे. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

करून पाहा: जाड सुती कापडाच्या दोन सारख्या पट्ट्या भिजवा. एक गुंडाळून ठेवा, दुसरी उंच टांगा. दुसऱ्या दिवशी दोन्ही हाताने तपासा. मनोऱ्याचे कोडे सुटेल. मग शिक्षकांच्या मदतीने प्रयोगशाळेतील ज्वालाग्राही पदार्थांची यादी करा आणि दारावर लावा. बंब कितीही वेगाने आला, तरी आत काय आहे हे त्याला आपणच सांगायचे असते.