लाख म्हणावे की मिलियन?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पार्सिपनी नावाचे गाव आहे. तेथे भारतीयांची वस्ती मोठी आहे, त्यात मराठी घरेही आहेत. तेथील मूल चौथ्या इयत्तेत मिलियनपर्यंतच्या संख्या लिहायला-वाचायला शिकते. घरी आजी त्यालाच दहा लाख म्हणते. २०२० च्या जनगणनेतील न्यू जर्सीची लोकसंख्या मूल ९,२८८,९९४ अशी लिहील. आजी ९२,८८,९९४ अशी लिहील. मुलाला वाटते, आजीचे चुकले.

आजीचे चुकलेले नाही. आकडे तेच, त्यांचा क्रम तोच. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष : उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहापट. स्वल्पविराम ही फक्त वाचताना थांबण्याची जागा. इंग्रजी वाचणारा तीन-तीन घरांनी थांबतो. आपण पहिली तीन घरे सोडून पुढे दोन-दोन घरांनी थांबतो.

मुलाची खरी अडचण शून्याची असते. 'पाच हजार तीन' म्हटले की ते ५००० लिहून पुढे ३ ठेवते. झाले ५०००३, म्हणजे पन्नास हजार तीन! रागावू नये; त्याने ऐकले तसेच लिहिले आहे. कागदाच्या लांब पट्टीवर ५००० लिहावे, छोट्या तुकड्यावर ३. तो तुकडा पट्टीच्या उजव्या टोकाला शेवटच्या शून्यावर ठेवावा. ५००३ दिसते. तुकडा उचलला की खालचे शून्य पुन्हा दिसते, आणि तीनाने कोणाची जागा घेतली ते मुलाला आपोआप कळते. 'पाच लाख तीन'लाही हीच युक्ती. पट्टी तेवढी लांब हवी.

मराठीची आणखी एक गाठ आहे. 'बासष्ट'मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून मूल २६ लिहिते. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ दोन' असे वाचनही दिले गेले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. केवढा गदारोळ झाला! विषय विधानसभेत गेला. मला स्वतःला 'बासष्ट' जिवापाड प्रिय. तरी परदेशातल्या मुलाला आधी साठ दोन उमगू द्यावे, बासष्ट मागून येईल. आपली मुले फ्रेंचमध्ये ९२ ला 'चार-वीस-बारा' म्हणतातच की! त्यांना 'ब्याण्णव' का जड जावे?

आपल्या बेटाची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास आहे. ती मिलियनमध्ये किती, हे आज जेवताना नातवंडांना विचारून पाहा.