वीस लाल मेणबत्त्या

मेणबत्ती पेटवायची तर आधी पंखे बंद करायला हवेत, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. २०२५ च्या ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ओळखीच्या एका मराठी मंडळीत मी उपासनेला बसलो होतो. वेदीच्या डाव्या अंगाला एका स्टुलावर थर्माकोलचं कडं, त्याला गुंडाळलेल्या सुरूच्या डहाळ्या आणि मध्ये खोचलेल्या चार मेणबत्त्या. शब्बाथ शाळेतली, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतली, सात-आठ वर्षांची एक मुलगी पुढे आली. कोणीतरी घाईघाईत घरून गॅसचा लायटर आणला होता, त्याच्या नुसत्या ठिणग्या उडाल्या. मग मागच्या बाकावरून काडेपेटी हातोहात पुढे आली. पहिली काडी पंख्यानं विझवली, दुसरीही. शेवटी पाळकसाहेबांनी खूण केली, पंखे घरघरत थांबले आणि एक जांभळी मेणबत्ती पेटली. उरलेल्या तीन तशाच उभ्या राहिल्या. त्यांची पाळी पुढच्या रविवारांना.

नाताळ सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधीचे हे चार रविवार मात्र चर्चच्या कंपाउंडबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसतात. चर्चचं नवं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते या पहिल्या रविवारी सुरू होतं. ३० नोव्हेंबर हा संत अंद्रियाचा दिवस. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो आगमनाचा पहिला रविवार. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो आणि हा काळ कधी लांबतो, कधी आखडतो. २०२२ मध्ये तो पुरता २८ दिवसांचा होता. २०२३ मध्ये २२ दिवसांचाच, म्हणजे सकाळी चौथ्या रविवारची उपासना आणि त्याच रात्री नाताळची. त्या दिवशी सजावट करणाऱ्या तरुण संघाचे काय हाल झाले असतील ते त्यांनाच विचारावं.

रंग जांभळा, कारण मूळ भाव पश्चात्तापाचा आणि तयारीचा. कॅथलिक मिस्सात या चार रविवारी देवदूतांच्या महिम्याचं स्तोत्र म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. केरळातले सुरियानी ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांसाहार वर्ज्य करतात. आपल्याकडे हा संयम बराच सैल झालाय. पहिली मेणबत्ती पेटायच्या आतच कॅरोलच्या तालमी सुरू असतात आणि त्यात मला काही पाप दिसत नाही. पण वाट पाहण्याचाही एक ऋतू असतो, ही जुनी समज त्यात थोडी झाकली जाते खरी.

या काळाची मुळं शोधत गेलं तर वाटेत एक अर्धा झगा सापडतो. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशपनं नियम घालून दिला, की संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करावा. हा मार्टिन आधी रोमन सैन्यात शिपाई होता. कडाक्याच्या थंडीत आमियाँ शहराच्या वेशीवर एक उघडा भिकारी दिसला, तेव्हा त्यानं तलवारीनं आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला, अशी त्याची कथा. उरलेला अर्धा पुढे अवशेष म्हणून जपला गेला. लॅटिनमध्ये छोट्या झग्याला ‘कापेल्ला’ म्हणतात. तो ठेवायची जागा तीही ‘कापेल्ला’. आपण ज्याला चॅपल म्हणतो, तो शब्द असा एका फाटक्या कपड्यातून आलाय. वेदी, घंटा, मनोरा यांपैकी कशावरूनही नाही.

आणि कपड्याची गोष्ट आगमनकाळाच्या वाचनांतही आहेच. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं: एक वर्ष मत्तयचं, एक मार्कचं, एक लूकचं. लूकच्या वर्षी तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान समोर येतो. नदीकाठी जमलेले लोक त्याला विचारतात, आम्ही करायचं काय? एखाद्याला वाटेल, आता हा उपास सांगेल, जप सांगेल. तो सांगतो अंगरख्याचं. दोन असतील त्यानं एकही नसलेल्याला एक द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदार विचारतात, त्यांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशानं कोणाला लुबाडू नका, पगारात भागवा. कोणालाही धंदा सोडून रानात यायला सांगत नाही. त्याच वर्षी चौथ्या रविवारी मरिया दिसते. दिवस गेलेले असताना ती डोंगराळ मुलुखातल्या आपल्या वयस्क नातेवाईक अलीशिबेकडे जाते आणि तीन महिने राहते. दोघीही दोन जिवांच्या. त्या तीन महिन्यांत घरातलं पाणी कोण भरत होतं, ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, पण अंदाज करता येतो.

आता त्या थर्माकोलच्या कड्याकडे वळू. ते इतकं जुनाट वाटतं, की प्रेषितांच्या काळापासून चालत आलं असावं. प्रत्यक्षात त्याचं वय दोनशेही नाही. ते चर्चमध्ये जन्मलेलंही नाही.

१८३३ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्‍रिख विखर्न नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण होता. धर्मशास्त्र शिकलेला, पण अजून दीक्षा न झालेला. शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये तो रविवारची शाळा चालवायचा. गल्ल्यांमधल्या खोल्यांत एकाच अंथरुणावर कुटुंबं, दारू, चोरीत पकडली गेलेली पोरं. रविवारी तासभर शिकवून सोमवारी त्यांना परत त्याच खोलीत पाठवायचं, याचा उपयोग नाही, हे त्याला दिसलं. शहराबाहेर हॉर्न गावात ‘राउहेस हाउस’ नावाचं एक जुनं घर मिळालं. तिथे तो आईसकट राहायला गेला आणि वर्ष सरेपर्यंत बारा मुलगे तिथे आले. घराला भिंत नको, खंदक नको, कुलूप नको, असं त्यानं ठरवलं. डझनभर मुलांचं एकेक कुटुंब, प्रत्येक कुटुंबाला एक मोठा भाऊ. बागकाम, चांभारकाम, पुढे छापखाना. (योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. तीच आजची संत व्हिन्सेंट द पॉल संस्था. वसईतल्या किंवा मुंबईतल्या कॅथलिकांना तिची ओळख करून द्यायला नको.)

नाताळ जवळ आला, की राउहेस हाउसमधली मुलं रोज विचारायची, किती दिवस राहिले? लहान मुलाला ‘अजून तीन आठवडे’ सांगून काही कळत नाही. १८३९ च्या आगमनकाळात विखर्ननं गाडीचं एक लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला आला होता, म्हणजे दिवस बरोबर चोवीस. चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या वारांसाठी वीस छोट्या लाल. रोज संध्याकाळी प्रार्थनेला एक मेणबत्ती वाढायची. मुलं मोजायला शिकली आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं चाक उजळून निघालं.

पुढे चाकाला हिरव्या फांद्या गुंडाळल्या गेल्या, चाक लहान होत घराघरांतल्या टेबलांवर आलं. विसाव्या शतकात प्रॉटेस्टंट घरांतून कॅथलिक चर्चमध्येही गेलं. १९२५ मध्ये ते कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये लागल्याची नोंद आहे. या प्रवासात आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं त्या चार मेणबत्त्यांना चिकटली. तिसरी गुलाबी झाली. विखर्नच्या चाकावर यातलं काहीच नव्हतं, तिथे फक्त दिवस मोजायचे होते.

आणि या प्रवासात वीस लाल मेणबत्त्या गळून पडल्या. कारण साधं आहे. चर्च रविवारी उघडतं. जिथे माणसं आठवड्यातून एकदा जमतात, तिथे मंगळवारची मेणबत्ती कोण पेटवणार? विखर्नच्या घरात मंगळवार होता, कारण मंगळवारीही पोरांना तिथेच जेवायचं, झोपायचं होतं. उरल्या त्या रविवारच्या चार. मला ही गोष्ट कळल्यापासून ते कडं पाहताना पेटलेल्या मेणबत्तीपेक्षा मधल्या मोकळ्या जागाच जास्त दिसतात.

महाराष्ट्रातल्या मराठी प्रॉटेस्टंटांपर्यंत हे कडं फार वाकड्या वाटेनं आलं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं झालं. ही मंडळी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा केला होता, तो १६८१ पर्यंत टिकला. बायबलमध्ये तारीख नाही, तर सण कसला, हा त्यांचा सरळ हिशेब. ज्यांना नाताळच नको, त्यांना त्याचा पूर्वकाळ कुठून असणार?

नंतर काळ बदलला, नाताळ आला, कीर्तनं आली. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन आधीच एका चर्चमध्ये जोडलेले होते. ते आले, अँग्लिकन आले, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स आले. कॅलेंडर काढून पाहा: तो दिवस रविवार होता, आगमनकाळाचा पहिला रविवार. अँग्लिकनांकडचं ऋतुचक्र आणि प्युरिटनांच्या वंशजांची साधी उपासना एका छपराखाली आली. त्या चर्चच्या ब्रीदात तीन शब्द आहेत: एकता, साक्ष, सेवा. २०२६ मध्ये पुन्हा २९ नोव्हेंबरलाच पहिला रविवार येतो.

सेवा हा शब्द मराठीत फार गोड आहे, म्हणून त्याच्याकडे जरा संशयानं पाहावं. जर्मन लोक उपासनेला ‘गोट्टेसडीन्स्ट’ म्हणतात, म्हणजे देवाची चाकरी. तिथे उपासना आणि चाकरी एकाच शब्दात बांधलेल्या आहेत. आपल्याकडे उपासना वेगळी, सेवा वेगळी, त्यामुळे एक आत होते आणि एक बाहेर, बहुधा टेम्पो करून. ब्लँकेटं, फळं, केक, बॅनर, फोटो. एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी मला हसत हसत सांगितलं होतं, की डिसेंबरात केक ठेवायला फ्रिज पुरत नाही. जूनमध्ये काय होतं, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ब्लँकेटं वाटू नयेत असं मी म्हणत नाही. ज्याला थंडी वाजतेय त्याला फोटोशी देणंघेणं नसतं. पण विखर्नच्या घरात कोणी सेवा करायला ‘जात’ नव्हतं. मेणबत्त्या आणि भाकरी एकाच खोलीत होत्या.

याचं मराठी उदाहरण शोधायला हॅम्बुर्गला जायला नको, दौंडजवळ केडगावला गेलं तरी पुरतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि बायका तिथे त्यांच्या ‘मुक्ती’ या संस्थेत राहिल्या. शेती, विणकाम, छापखाना, प्रार्थना, सगळं एकाच आवारात. रमाबाई तिथून घरी जात नव्हत्या, तेच त्यांचं घर होतं आणि १९२२ मध्ये तिथेच त्या गेल्या.

प्रत्येक मंडळीला मुक्ती उभारता येत नाही, हे उघड आहे. ज्या मंडळीत पंख्यांनी काड्या विझवल्या, तिथे दीडेकशे माणसं असतील. बहुतेक पगारदार, काही निवृत्त, पुष्कळशा आज्ज्या. त्या दिवशी दानार्पणानंतर नेहमीच्या सूचना झाल्या: कॅरोल पार्टीचा मार्ग, महिला मंडळाची करंज्या करायची तारीख, शब्बाथ शाळेच्या नाटिकेसाठी तीन ज्ञानी अजून हवेत. मग शब्बाथ शाळेच्या बाई उठल्या. त्यांनी मुलांना त्या चाकाची गोष्ट सांगितली होती, आणि मुलांनी साहजिकच विचारलं होतं, मग आपल्या लाल मेणबत्त्या कुठे आहेत?

म्हणून दाराजवळच्या सूचना फलकावर बाईंनी एक कार्डशीट लावलं होतं. त्यावर एकवीस चौकोन. २०२५ च्या आगमनकाळात रविवार वगळून एकवीसच वार होते, हे मुलांनी स्वतः मोजलं होतं. प्रत्येक चौकोनात एक लाल मेणबत्ती रंगवलेली, ज्योतीची जागा कोरी. खाली पेन्सिलीनं काम लिहिलेलं. डायलिसिसला जाणाऱ्या एका काकांना सकाळी सातला रिक्षात बसवून देणं. कंपाउंडमागच्या वस्तीतल्या दहावीच्या चार मुलांचा गणिताचा तास. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींजवळ दोन तास बसणं, म्हणजे त्यांच्या सुनेला बाजारात जाता येईल. यातले निम्मे लोक मंडळीचे नव्हतेच. काम करणाऱ्यानं चौकोनात आपलं नाव लिहायचं. काम झालं, की मुलं ज्योत पिवळी रंगवणार.

उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलापेक्षा त्या कागदाशी गर्दी जास्त होती, असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. गर्दी चहापाशीच होती. पण एकेक जण जाता-येता थांबत होता, चष्मा वर करून वाचत होता. गणिताचा तास लगेच गेला, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तिन्ही शनिवार घेतले. आजींजवळ बसायला दोघीजणी तयार झाल्या आणि मग कोणी मंगळवारी जायचं यावर त्यांची थोडी बाचाबाचीही झाली. कोपऱ्यात ती मेणबत्ती पेटवणारी मुलगी पिवळा खडू हातात घेऊन उभी होती. आताच रंगवायचं नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

मी निघालो तेव्हा पंखे पुन्हा सुरू झाले होते. सकाळी सातच्या रिक्षाचे तीन चौकोन अजून रिकामे होते.