क्रॉसिंग कुठे होणार?



एकेरी मार्गावरून आगगाडीने प्रवास केला असेल, तर हा अनुभव तुम्हांला नक्कीच आला असेल. एखाद्या लहानशा स्टेशनात गाडी थांबते आणि थांबूनच राहते. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. "काय झालं हो?" असे कोणीतरी विचारतो, आणि समोरच्या बाकावरचे सराईत गृहस्थ वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगतात, "क्रॉसिंग आहे." थोड्या वेळाने समोरून एक गाडी धडधडत येते, शेजारच्या रुळांवरून निघून जाते, आणि मग कुठे आपली गाडी हलते.

पण क्रॉसिंग नेमके याच स्टेशनात का? मागच्या किंवा पुढच्या स्टेशनात का नाही? हे ज्या कागदावर ठरते तो तुमच्या ओळखीचा आहे. दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेख तुम्ही ज्या चौकटींच्या कागदावर काढता, त्याचाच तो मोठा भाऊ. आज आपण तसा एक आलेख काढू या. पेन्सिल, पट्टी आणि आलेखकागद जवळ घेऊनच पुढे वाचा. नुसते वाचून यातले फारसे हाती लागणार नाही.

आपला मार्ग काल्पनिक आहे. 'अ' या स्टेशनापासून 'ब' हे स्टेशन १२० किलोमीटरवर आहे. मध्ये तीन स्टेशने आहेत : 'अ'पासून २०, ४८ आणि ८० किलोमीटरवर. रूळ एकच. स्टेशनात मात्र दोन मार्ग आहेत, म्हणून तिथेच दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात. दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम.

आडव्या क्ष-अक्षावर वेळ घ्या. सकाळचे सहा म्हणजे क्ष = ०, सात म्हणजे क्ष = १, याप्रमाणे. उभ्या य-अक्षावर 'अ'पासूनचे अंतर घ्या. प्रमाण : क्ष-अक्षावर २ सेंमी = १ तास, य-अक्षावर १ सेंमी = १० किमी. म्हणजे आडवा एक मिलिमीटर तीन मिनिटांचा झाला. आता प्रत्येक स्टेशनासाठी २०, ४८, ८० आणि १२० या उंचीवर फिकट आडव्या रेषा मारून ठेवा.

पहिली गाडी पॅसेंजर. ती सहा वाजता 'अ'हून सुटते आणि ताशी ४० किमी वेगाने जाते. (वाटेतले मिनिटा-दोन मिनिटांचे थांबे आपण सध्या सोडून देऊ.) तिचे समीकरण य = ४०क्ष. क्ष ला ०, १, २ या किमती दिल्या की य च्या किमती ०, ४०, ८० येतात. (०, ०), (१, ४०), (२, ८०) हे बिंदू मांडा आणि जोडा. रेषेसाठी दोन बिंदू पुरतात, मग तिसरा कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. तिसरा बिंदू हा राखणदार आहे. तो रेषेबाहेर पडला की समजावे, कुठेतरी आकडेमोड चुकली किंवा क्ष आणि य ची अदलाबदल झाली. दोनच बिंदू घेतले तर रेषा नेहमीच सरळ येते, चुकली असली तरी.

दुसरी गाडी एक्सप्रेस. ती साडेसहा वाजता 'ब'हून 'अ'कडे निघते, वेग ताशी ६० किमी. सुटताना ती १२० किमीवर आहे आणि दर तासाला ६० किमीने जवळ येते आहे. म्हणून य = १२० − ६०(क्ष − ½), म्हणजेच य = १५० − ६०क्ष. बिंदू (½, १२०), (१, ९०), (२, ३०). ही रेषा डावीकडून उजवीकडे खाली येते.

इथे जरा थांबू या, कारण एक गफलत इथे हटकून होते. या आलेखाकडे बोट दाखवून "पहिली गाडी काय करते आहे?" असे वर्गात विचारून पाहा. "घाट चढते आहे," असे उत्तर एखाद्या हुशार मुलाकडूनही येते; आणि दुसरी घाट उतरते आहे! आलेख म्हणजे मार्गाचे चित्र नव्हे. आपला मार्ग सपाट मैदानावरचा असला तरी रेषा चढेलच, कारण ती वेळेबरोबर अंतर कसे वाढते तेवढेच सांगते. रेषेचा चढ म्हणजे इथे वेग : पहिलीचा ४०, दुसरीचा −६०. ऋण चिन्हाचा अर्थ गाडी मागे मागे धावते असा नाही, 'अ'पासूनचे अंतर कमी होते आहे इतकाच.

दुसरी गोष्ट. एक्सप्रेसच्या समीकरणात क्ष = ० घातले तर य = १५० येते. पण मार्ग तर १२० किलोमीटरचा! सहा वाजता ही गाडी 'ब'च्या पलीकडे ३० किलोमीटरवर होती काय? नाही, ती 'ब'च्या फलाटावर उभी होती. समीकरण क्ष = ½ पासून पुढेच खरे आहे. परीक्षेत आपण रेषेला दोन्ही टोकांना बाण काढतो. गाडीची रेषा मात्र जिथे सुटते तिथे सुरू होते आणि जिथे पोचते तिथे संपते.

आता दोन रेषा कुठे छेदतात ते पाहा. आलेखावरून वाचा : क्ष = १½, य = ६०. बीजगणितानेही पडताळा : ४०क्ष = १५० − ६०क्ष, म्हणून १००क्ष = १५०. एकसामयिक समीकरणांचे हे उत्तर वहीत चौकटीत लिहून आपण मोकळे होतो. इथे तसे मोकळे होता येत नाही. साडेसात वाजता, 'अ'पासून ६० किलोमीटरवर, दोन्ही गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आहेत; आणि तिथे स्टेशन नाही. ४८ आणि ८० यांच्या मधोमध म्हणावे असे ते ठिकाण आहे.

म्हणजे हा छेदनबिंदू हलवलाच पाहिजे. तो एखाद्या स्टेशनाच्या आडव्या रेषेवर आला पाहिजे.

पॅसेंजरला ४८ किमीवरच्या स्टेशनात थांबवले तर? ती तिथे ७.१२ ला पोचते. एक्सप्रेस तिथे येते ७.४२ ला. अर्धा तास खोळंबा. उलट एक्सप्रेसला ८० किमीवर थांबवले तर ती ७.१० ला पोचते आणि पॅसेंजर येईपर्यंत, म्हणजे आठपर्यंत, पन्नास मिनिटे उभी राहते. पहिला उपाय बरा दिसतो. (प्रत्यक्षात समोरची गाडी पूर्ण आत आल्यावर सांधे बदलून सिग्नल पडेपर्यंत आणखी काही मिनिटे जातात. ती आपण हिशेबात धरलेली नाहीत.)

थांबलेली गाडी आलेखावर कशी दिसेल? वेळ पुढे जातो, अंतर तेवढेच राहते; म्हणजे आडवी रेषा, य = ४८. क्ष नसलेले हे समीकरण पुस्तकात मोठे चमत्कारिक वाटते. इथे ती फलाटावर उभी असलेली गाडी आहे. मग क्ष = १ ही उभी रेषा कोणती गाडी असेल? ती एकाच क्षणी 'अ'पासून 'ब'पर्यंत सगळीकडे असली पाहिजे! उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही असे शिक्षक सांगतात, त्याचा अर्थ आता ध्यानात येईल.

आणखी एक उपाय आहे. पॅसेंजर साडेसहालाच सोडली तर? तिचे समीकरण य = ४०(क्ष − ½), म्हणजे य = ४०क्ष − २०. चढ तोच, म्हणून ही रेषा जुन्या रेषेला समांतर, फक्त एक सेंटिमीटर उजवीकडे सरकलेली. ती एक्सप्रेसला कुठे छेदते? क्ष = १.७, य = ४८. बरोबर ७.४२ ला, स्टेशनात! कोणालाच खोळंबा नाही.

खरेच नाही? आलेख पुन्हा पाहा. ४८ किमीच्या पुढे दोन्ही उपायांच्या रेषा एकच झाल्या आहेत; 'ब'ला गाडी दोन्ही वेळा साडेनऊलाच पोचते. पण २० किमीवरच्या गावात पहिल्या उपायात ती साडेसहाला येते, दुसऱ्यात सातला. त्या गावात सकाळी पावणेसातला भरणारी शाळा असेल आणि 'अ'हून मुले येत असतील, तर दुसऱ्या उपायात त्यांची शाळा रोज बुडाली. उलट 'ब'पर्यंत जाणाऱ्याला अर्धा तास जास्त झोप मिळाली. यातले काय निवडायचे ते समीकरण सांगत नाही. निवडल्यावर कोणावर काय येईल ते मात्र आधीच दाखवते.

ही युक्ती जुनी आहे. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७८ साली आलेखपद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्यात पॅरिस ते ल्यों मार्गावरच्या गाड्यांचे वेळापत्रक इब्री यांच्या पद्धतीने काढलेल्या आलेखात दिले आहे : उभ्या अक्षावर स्टेशने, आडव्या अक्षावर दिवसाचे तास, आणि तिरक्या रेषांचे दाट जाळे. जितकी रेषा उभट तितकी गाडी जलद. आपल्याकडेही रेल्वेच्या नियंत्रण कक्षात सेक्शन कंट्रोलर स्टेशनांकडून येणाऱ्या वेळा असाच मोठा आलेखकागद पसरून पेन्सिलीने मांडत असत. आता तो आलेख संगणकाच्या पडद्यावर उमटतो, पण रेषा त्याच. कोकण रेल्वेचा रोहे ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा संपूर्ण मार्ग १९९८ साली वाहतुकीला खुला झाला तो एकेरी म्हणूनच. रोहे ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला, तरी उरलेला बहुतेक मार्ग एकेरी आहे. अशा मार्गावर एक गाडी उशिरा धावली की तिची रेषा सरकते, तिचे सगळे छेदनबिंदू सरकतात, आणि मग दुसऱ्या कोणाची तरी रेषा आडवी करावी लागते. त्या आडव्या रेषेत बसूनच आपण "क्रॉसिंग आहे" हे ऐकतो.

"बीजगणिताने उत्तर झटकन येते, मग आलेखाचा खटाटोप कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. गाड्या दोन असतील तर बीजगणितच सोपे. पण गाड्या वीस असल्या तर त्यांच्या जोड्या होतात १९०. प्रत्येक जोडी सोडवत बसण्यापेक्षा कागदावर नजर टाकली की कोणत्या रेषा छेदतात आणि कोणत्या समांतर जातात ते एकदम दिसते. नेमका मिनिट हवा असेल तेव्हा बीजगणित आहेच.

आता तुमची पेन्सिल. पॅसेंजर साडेसहाची ठेवा, एक्सप्रेसही तीच. त्यात एक मेल भरली : सात वाजता 'अ'हून 'ब'कडे, ताशी ८० किमी. तिची रेषा काढा. ती पॅसेंजरला मागून एका ठिकाणी गाठते आणि एक्सप्रेसला समोरून दुसऱ्या ठिकाणी भेटते. दोन्हींपैकी एकही ठिकाण स्टेशन नाही. ४८ किमीच्या स्टेशनात मार्ग दोनच आहेत, तिसऱ्या गाडीला जागा नाही. कोणाला कुठे आणि किती वेळ थांबवाल?