शेवंतीला अंधार हवा

मान्सूनने राज्यातून काढता पाय घेतल्याची बातमी आली, की फोनवर ‘हिवाळ्यासाठी बाग तयार करा’चे व्हिडिओ सुरू होतात. बर्फ पडायच्या आत झाडं गोणपाटात गुंडाळा, बाग निजवा! हे विलायती ज्ञान पुण्याच्या गच्चीवर कुठे लावायचं? आपली बाग थंडीत निजत नाही, तेव्हाच तर ती जागी होते. तिला जपायचं असतं ते ऑक्टोबरच्या उन्हापासून. चार महिने ढगांखाली वाढलेली कोवळी पानं त्यात करपतात. दुपारी पानं मलूल दिसली की आपण धावत पाणी घालतो. संध्याकाळी ती आपोआप तरारली असती, तर ते पाणी फुकटच गेलं म्हणायचं.

मातीकडे आधी बघावं. पावसाने कुंडीतलं नत्र धुऊन नेलेलं असतं आणि माती दाबून घट्ट केलेली असते. वरचा शेवाळी थर खुरप्याने काढावा, माती मोकळी करावी, दोन मुठी शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळावी, वर वाळका पालापाचोळा पसरावा. त्याच पाचोळ्याला सोसायटीच्या आवारात काडी लावणाऱ्यांवर लिहायला बसलो तर ही पुरवणी पुरायची नाही.

गुलाबाची छाटणी पाऊस नक्की गेल्यावरच. ओल्या हवेत कापलेली फांदी शेंड्यापासून काळी पडत खाली येते, म्हणून कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. छाटल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांनी फुलं येतात. मेथी, पालक, मुळा आताच पेरले तरी चालतात. कोथिंबिरीसाठी धणे रगडून घ्यावेत, मात्र उष्मा जरा उतरल्यावर. वाटाण्याला तर खरी थंडीच लागते, घाई करून काही मिळत नाही.

आता शेवंती. माझ्याकडे एकाच झाडापासून केलेल्या दोन कुंड्या होत्या. एक फुलांनी लगडली, दुसरी नुसतीच पानांनी माजली. खत तेच, पाणी तेच. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, की दुसरी कुंडी जिन्याच्या दिव्याखाली होती आणि तो दिवा रात्रभर जळत असे.

या कोड्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड ‘मेरीलँड मॅमथ’ जातीच्या तंबाखूपुढे हैराण झाले होते. उन्हाळ्यात तो पुरुषभर वाढे, पण फुलत नसे. त्यांनी रोपं रोज दुपारीच अंधाऱ्या खोपटात न्यायला सुरुवात केली, आणि तंबाखू फुलला. 1920 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे कळलं, की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. आणि मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी त्याचं गणित चुकतं. शेवंतीही या तंबाखूसारखीच, रात्र लांबली की फुलणारी. पॉलिहाउसवाले दिवे लावून तिची फुलं लांबवतात आणि काळं कापड ओढून तिला लवकर फुलवतात. आपण तेच नकळत करतो, आणि मग नर्सरीवाल्याला रोप खराब दिलंस म्हणून बोल लावतो.

म्हणून ऑक्टोबरात शेवंतीला दोनच गोष्टी हव्यात. शेंडे खुडणं थांबवा, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. आणि रात्री तिच्यावर उजेड पडू देऊ नका. झाडाला ‘हिवाळी टॉनिक’ पाजणाऱ्यांनी आधी गच्चीवरचं बटण बंद करून पाहावं, खर्च शून्य.

दिवाळीचे चार दिवस दिवे लागले तर फारसं बिघडत नाही. पण आमच्याकडे आकाशकंदील तुळशीचं लग्न उरकेपर्यंत उतरत नाही, आणि तो नेमका कुंड्यांवरच टांगलेला असतो. यंदा कंदील रस्त्याकडच्या बाजूला गेला आहे आणि शेवंती मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला.