आधारचा एक आकडा चुकला तर लगेच कसं कळतं? शेवटच्या अंकात आहे उत्तर

पीक विम्याचा फॉर्म भरताना घाईत आधारचा एक आकडा चुकला, की बऱ्याच साइटवर लगेच ‘आधार क्रमांक चुकीचा’ अशी लाल अक्षरं येतात. आपल्याला वाटतं, सर्व्हरला कळलं. पण त्यासाठी सर्व्हरला विचारायची गरजच नसते. नेट नसलं तरी मोबाइल ही चूक पकडू शकतो, कारण खूण त्या नंबरातच असते.

आधारच्या १२ अंकांत पहिला अंक ० किंवा १ कधीच नसतो. नंबरात जिल्हा, जात, जन्मतारीख असलं काही लपलेलं नसतं. बारावा अंक मात्र आधीच्या ११ अंकांवरून हिशेब करून काढलेला असतो. तोच राखणदार.

हा हिशेब म्हणजे नुसती बेरीज नाही. बेरजेत ४७ आणि ७४ सारखेच, दोन्हीकडे ११. आणि टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटे पडणं ही तर नेहमीची चूक. मग क्रम बदलला की उत्तर बदलेल असं गणित हवं. ते नेदरलँड्सचे गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलं.

घरी करून बघा. कागदाची पाच टोकांची चांदणी कापा. टोकांवर घड्याळाच्या दिशेने १ ते ५ लिहा, मागच्या बाजूलाही त्याच टोकावर तोच आकडा. १ वर ठेवा. आता चांदणी एक घर उजवीकडे फिरवा, मग पान उलटतो तशी उलटी करा. वर ५ येईल. पुन्हा १ वर ठेवून आधी उलटी करा, मग एक घर उजवीकडे फिरवा. आता वर २! क्रिया त्याच, फक्त क्रम बदलला. अशी चांदणी ठेवायच्या एकूण १० तऱ्हा होतात, पाच सुलट आणि पाच उलट. ० ते ९ या प्रत्येक अंकाला त्यातली एक दिलेली आहे. शिवाय अंक कितव्या जागी आहे त्यानुसारही हिशेब बदलतो. त्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर चूक हमखास सापडते.

पण याच्यावर फार विसंबू नका. कोणतेही ११ अंक घ्या, त्यांना जुळणारा एक शेवटचा अंक असतोच. त्यामुळे बनावट कार्डावरचा नंबरही या तपासणीत पास होऊ शकतो. भाडेकरू किंवा कामगार ठेवताना कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करा, नाहीतर यूआयडीएआयच्या अधिकृत साइटवर नंबर तपासा.

आणि वडिलांच्या फॉर्ममध्ये चुकून भावाचा आधार पडला, तर लाल अक्षरं येणारच नाहीत. नंबर बरोबरच आहे ना! तिथे सबमिट दाबायच्या आधी नाव आपल्यालाच वाचावं लागतं.